नवसागराचे बारा टाके

२९ जुलै १९५६, रविवार. सौंसर, मावशीकडे

नत्थूजी काकांच्या मोटारीतून आलो. काम काहीच नव्हतं. काकांना थाप मारली की पंधरा ऑगस्टसाठी भोंगा कुठं बांधायचा ती जागा पाहायची आहे. काका म्हणाले, "जागा मागच्या सालीच पाह्यली होती बे. ते काही उठून गेली नसन." पण आणलं. त्यांच्या सायकल-भोंग्याच्या दुकानात मी नोकर, मोटारीत मालकाचा पुतण्या. चांगला माणूस.

मावशीच्या अंगणात आणि नाझरसाहेबांच्या अंगणात एक भिंत, माझ्या छातीएवढी. पलीकडे त्यांची कमल दिलरुबा घेऊन बसली होती. (यापुढे नुसतं क. लिहीन. आई माझी वही चाळते आणि वरून म्हणते, मले कुठं वाचता येते.)

गज तारेवरून नुसता घसरून राहिला होता. सूर धरेना. म्हणाली, "राळ संपली. पंसाऱ्याकडची काळी मिळते, ती पिठासारखी झडते." माझ्या हत्यारांच्या पिशवीत नागपूरच्या इतवारीतून आणलेला राळेचा खडा होता. पिवळाधमक, उन्हात धरला तर खडीसाखरेसारखा. तारांना शिशाचे टाके मारायला आणला होता. देऊन टाकला, पूर्ण.

"मग तुम्हाला?"

"माझ्याजवळ ढीग आहे."

खोटं. तेवढाच होता.

तिनं गजाला राळ घासली आणि एक लांब सूर काढला. मावशीची गाय रवंथ थांबवून पाहू लागली. मी पण.


१२ ऑगस्ट, रवि. पांढुर्णा

पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी डबा उघडला. डबा म्हणजे आमचा ॲम्प्लिफायर. मोटारीच्या मागच्या सीटखाली राहतो, मोटारीच्याच बॅटरीवर चालतो, आणि मोटारीनं खाल्लेले सारे हादरे तोही खातो. सुटलेले टाके मोजले, बारा निघाले.

टाके मारायचा कैया शेगडीत लाल केला, शिसं काढलं आणि राळेच्या डबीत हात घातला तर डबी रिकामी. आठवलं. हसू आलं एकट्यालाच.

नागपूरला जायला वेळ नाही. समोर निंबाखाली कल्हईवाला बसतो. तो तापल्या पातेल्यात चिमूटभर नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, कापसाचा बोळा फिरवला की कथील चांदीसारखं पसरते. पातेलं तांब्याचं, माझी तारही तांब्याची. पातेल्याला चालते ते तारेला काऊन नाही चालणार? मूठभर मागून आणला. काय सुरेख बसले टाके! अर्ध्या तासात बारा. राळेनं दुपार गेली असती.

काका दारातून खोकत, "इतका पांढरा धूर कायचा बे?"

"तुम्ही मोटार पाहा काका. डबा माझा."


१५ ऑगस्ट, बुध. सौंसर



क. ने शाळेच्या पटांगणात वाजवलं. माईक मी दिलरुब्याच्या पोटाशी धरून ठेवला होता, खांब ढिला होता म्हणून. म्हणजे खांब मीच ढिला केला होता. तिच्यापासून दीड हात. भाषणं संपलेली, लोक उठायच्या बेतात. तिनं गज ओढला आणि सारे होते तिथंच बसले. तो सूर तिच्या हातातून माझ्या डब्यात गेला, माझ्या बारा टाक्यांतून फिरला, आणि निंबावर बांधलेल्या भोंग्यातून साऱ्या सौंसरवर पडला. संत्र्याच्या बगीच्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात.

नंतर ती म्हणाली, "माझी तार एवढी मोठी वाजते, मला माहीतच नव्हतं."

नाझरसाहेब म्हणजे तिचे वडील. तहसील कचेरीत नाझर, सरकारी मालमत्तेची नोंद ठेवणारे. सारं गाव त्यांना हुद्द्यानंच हाक मारते, शेजारची मावशी सुद्धा. कमी बोलतात. म्हणाले, "आवाज स्वच्छ होता." त्यांच्याकडून हे म्हणजे पदकच.

पण कचेरीत राज्यवाटणीचे फॉर्म आले आहेत. एक नोव्हेंबरपासून वऱ्हाड-नागपूर मुंबईकडे, आपण भोपाळकडे. नोकरीवाल्यांनी कुठं जायचं ते भरून द्यायचं. नाझरसाहेबांचे सारे सोयरे यवतमाळकडचे. मावशीनं हे मला जेवताना सांगितलं, तूप वाढता वाढता, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल.


५ सप्टें., बुध. पां.

आज पोळ्याची कर. सकाळपासून सारा गाव जाम नदीवर. पलीकडून सावरगाव, इकडून आपण, मधे गोट्यांचा मारा. आईनं बाहेरून कडी लावून घेतली. दरवर्षी मी खिडकीतून जातो. यंदा नाही गेलो. हात फुटला तर गणपतीत डबा कोण सांभाळन?

आईला वाटलं पोराला ताप आहे. कपाळाला हात लावून गेली.


१७ सप्टें., सोम. पां.

काल जे झालं ते लिहून टाकतो.

परवा सौंसरला पोचलो तेव्हा पाऊस होता. मोटारीचं छत गळते, म्हणून डबा नाझरसाहेबांच्या ओसरीवर ठेवला, त्यांच्या घरच्या गणपतीच्या बाजूला. काल संध्याकाळी सार्वजनिक गणपतीपुढे क. चं वादन. मंडळवाले पोरीबाळीचं वाजवणं नको म्हणत होते. नाझरसाहेबांनी शब्द टाकून त्यांना राजी केलं होतं.

पहिला सूर आला. दुसरा आला. मग खर्रर्र. मग भोंगा मेला.

मागून ओरडा, "आवाज! आवाज!" एकजण म्हणाला, "बाई वाजवून राहिल्या का लाकूड कापून राहिल्या?" सारा मंडप हसला. क. चा गज हवेत तसाच. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आता तुम्ही काही कराल, असं.

मी डबा ठोकला, हलवला. काही नाही. आणि मग माझं डोकं गेलं. नाझरसाहेब समोर उभे होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुमच्या घरी अभिषेकाचं पाणी सांडलं डब्यात. ओसरीवर ठेवला तेव्हा ठणठणीत होता."

"आमच्या घरी डब्याला कोणी हात लावला नाही."

"मग काय डबा आपल्या मनानं रडला?"

पुन्हा हशा. आता त्यांच्यावर. ते हळूच म्हणाले, "अर्धवट शिकलेल्याचा आवाज मोठाच असतो. त्याला भोंगा लागत नाही."

क. ने दिलरुब्यावर खोळ घातली आणि घरी गेली.  येताना पांढुर्ण्याच्या नाक्यावर काका म्हणाले, "उघडून पाह्यलं होतं का बे, बोलाच्या आधी?"


२० सप्टें.

डबा टेबलावर. झाकण लावलेलं. कायले उघडायचा? पाणी गेलं ते गेलं.


२३ सप्टें., रवि. पां.

उघडला. काकांना दाखवायला की पाणीच होतं.

बॅटरी चांगली. बटण दाबलं, भुंगा गुणगुणला. (सहा व्होल्टचे अडीचशे करणारा तो आतला तुकडा. खरं नाव व्हायब्रेटर, पण गुणगुणतो म्हणून आमच्याकडे भुंगाच. वर भोंगा, आत भुंगा.) व्हाल्व पेटले, चारही. म्हणजे जीव आहे, वाचा नाही. अडीचशेचा एक झटका मला बसला. खांद्यापर्यंत. बरं वाटलं, खोटं कशाला.

कानाला हेडफोन, हातात टॉर्चचा सेल. एकेक तार धरून पाहायची. सलग असली की कानात टक् वाजते. तुटली असली की गप्प. संध्याकाळपर्यंत टक्, टक्, टक्. गप्प कुठंच सापडेना. उद्या दुकानाचं काम आहे.


२५ सप्टें., मंगळ.

सापडली. भोंग्याकडे जाणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची तार. केसाएवढी बारीक, टाक्याजवळच तुटलेली. टोकाला हिरवं, मोरचुदासारखं. मी जोरात ओरडलो, "पाहा काका! पाणी!"

काका हातातला पंप खाली ठेवून आले. चष्मा नाही घालत, डोळे बारीक करून पाहतात. खूप वेळ पाहिलं.

"पत्रा कोरडा आहे बे."

"वाळला असन."

"लोखंडाचा पत्रा. पाणी पडलं असतं तं तांबेरला असता. यावर गंजाचा ठिपका नाही." मग बोट फिरवत, "पाणी साऱ्यावर सारखं सांडते, इमानदारीनं. यानं तं वेचून वेचून खाल्लं."

मी म्हणालो, तुम्हाला सायकलीतलं कळते, यातलं नाही. काका पुन्हा पंपाकडे गेले. मी बाहेर जाऊन निंबाला लाथ मारली. अंगठा सुजला.


२६ सप्टें., बुध.

सकाळी काका यायच्या आधी मोजले. कारखान्याचे जुने टाके एकोणीस. साऱ्यांवर धूळ, पण खाली पांढरे, चमकते. हिरवे टाके बारा.

बारा.

एकाला जीभ लावून पाहिली. खारट.

वही मागं चाळली. १२ ऑगस्ट. "काय सुरेख बसले टाके!" माझंच अक्षर. नवसागर पातेल्याला चालते कारण पातेलं नंतर घासून धुतात. माझा टाका कोणी धुतला? तो महिनाभर पावसाळी हवेतली ओल पीत बसला आणि तार खात बसला. पंधरा ऑगस्टला ती वाजवून राहिली होती तेव्हाही खात होता. मी दीड हातावर बसून टाळ्या वाजवल्या.

मग आणखी मागं चाळलं. २९ जुलै. राळ.

कॉलेजात वीज मोजायचा गॅल्व्हानोमीटर मोडला, तो मी तोडला नव्हता. सरांनी पूर्ण वर्गासमोर माझं नाव घेतलं. कोणी उघडून पाहिलं नाही, विचारलं नाही. मी स्टूल लाथाडून जो निघालो तो थेट स्टेशनवर, कॉलेजला रामराम. दीड वर्ष मी हे ज्याला त्याला सांगून राहिलो, की न पाहता चारचौघांत आळ घेणं याच्यासारखं पाप नाही.

काका आले. त्यांच्यापुढे डबा सरकवला. त्यांनी पाहिलं. "कल्हईवाला?" मी मान हलवली. "धूर पांढरा होता," एवढंच म्हणाले, आणि चहा सांगितला. दोन.


३० सप्टें., रवि. पां.

मावशीचं कार्ड आलं. मावशीला लिहिता येत नाही. तिची कार्डं नेहमी शेजारून लिहून येतात, म्हणजे क. च्या हातानं.

"चि. मधूस अनेक आशीर्वाद. गाय व्याली. कालवड झाली. नाझरसाहेबांना यवतमाळ मिळालं. ऑक्टोबरअखेर सारं बिऱ्हाड हालणार. तुझा अंगठा सुजल्याचं नत्थूजींकडून कळलं, झाडाचं काय चुकलं होतं? डोकं थंड ठेवत जा. तुझी मावशी."

खाली अगदी बारीक, "लिहिणार, शेजारीण."

शेजारीण हा शब्द आज मी किती वेळा वाचला ते लिहीत नाही. आई वाचते.


७ ऑक्टो., रवि. सौंसर

माफी मागायला गेलो आणि न मागताच परत.

आधी भिंतीजवळ क. दिसली. पापड वाळत घालून राहिली होती. मी घाईघाईनं सारं सांगितलं. पाणी नव्हतं, नवसागर होता, माझीच चूक. ती पापड मांडत राहिली.

"मला काय सांगता? बाबांना सांगा. मला माहीतच होतं की आमच्या घरचं पाणी नाही. आई गणपतीला अभिषेक पळीनं करते. तीन पळ्या."

मग हात थांबला. "पण नवसागर का? राळेनं करतात ना? तुमच्याजवळ ढीग..."

मी भिंतीवरच्या मुंग्या पाहत राहिलो.

"ढीग नव्हता," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. एक पापड हातातच मोडला. मग आत गेली, आणि आतून तिच्या आईचा आवाज, "अगं, डोळ्याला काय झालं?" आणि तिचा, "हिंगाचा हात लागला."

एवढं पाहिल्यावर मी सिंहासारखा त्यांच्या दारात गेलो. नाझरसाहेब पेटीला दोर बांधून राहिले होते. वर न पाहता म्हणाले, "या. पाण्याचा पंचनामा करायला आलात?"

बस. डोकं गेलं. "नाही, दोर चांगला बांधता का ते पाहायला आलो," असं काहीतरी बोललो आणि तिथूनच वळलो. मावशी भिंतीआडून सारं ऐकून राहिली होती. म्हणाली, "राजा, तुह्या तोंडातही एखादा टाका मारून घे. राळेचा."


१४ ऑक्टो., रवि. दसरा. सौंसर

काकांनी मोटार काढली. "आज सोनं द्याले कोणाच्याही दारात जाता येते. आजच जा. आणि डबा संग घे. तुह्यावर कोणाचा भरोसा नाही, डब्यावर बसन."

आपट्याचं पान दिलं. पाया पडलो. नाझरसाहेबांनी पान घेतलं. दसऱ्याला कोणाला परत पाठवता येत नाही. मी बोलायच्या आधी डबाच उघडला, त्याच ओसरीवर. बोललो असतो तर पुन्हा काहीतरी बिघडलं असतं.

त्यांनी चष्मा लावला. आतून कागद-दौत मागवली. क. घेऊन आली, वर न पाहता ठेवून गेली. आणि खरंच पंचनामा केला त्यांनी! मी बोटानं दाखवत गेलो, ते टाकानं लिहीत गेले.

"पत्रा, लोखंडी. गंज नाही. टाके जुने, एकोणीस. निर्दोष. टाके नवे, बारा. हिरवे. कोणी मारले?"

"मी."

"कशानं?"

"नवसागरानं."

"वास्तविक कशानं मारायला हवे होते?"

"राळेनं."

"राळ का नव्हती?"

आत क. दिलरुबा लावून राहिली होती. खुंटीचा कुर्रकुर्र आवाज थांबला.

सांगितलं तर खरं पूर्ण होते, पण ते एकट्या माझं खरं नाही. मी म्हणालो, "दिली होती."

"कोणाला?"

"ज्याला माझ्यापेक्षा जास्त गरज होती."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं, वाचतही गेले, "राळ, अन्यत्र खर्ची पडली." ओल्या शाईवर वाळू टाकली, झटकली, घडी घातली.

मी म्हणालो, "माझं चुकलं. तुमच्या घरावर आळ घेतला."

"चारचौघांत घेतलात. ओसरीवर परत करता?"

गरम पाणी डोक्यात चढलं. चढता चढता उतरलं. म्हणालो, "नाही जी. चारचौघांतच करीन." २८ ला गाव त्यांना निरोप देणार आहे. भोंगा आमचाच.

निघताना मावशीनं हातात कागदाची पुडी कोंबली. "शेजारणीनं देल्ली. डब्यासाठी." मोटारीत उघडली. राळेचा अर्धा खडा. गरम सुरीनं कापलेला. वरच्या अंगावर गज फिरून फिरून पडलेली खाच.


१७ ऑक्टो., बुध. पां.

बाराही टाके उखडले. हिरवं काढायला काय वापरायचं? काका म्हणाले, पाणी. गरम पाणी आणि ब्रश. नवसागर पाण्यातच विरघळते. म्हणजे ज्याच्यावर आळ घेतला त्यालाच हात जोडून बोलवायचं. दोन तांबे गरम पाण्यानं डब्याचं पोट धुतलं. काका हसून हसून खोकले. आता दोन दिवस उन्हात, आईच्या वाळवणाशेजारी. आई डब्यावरूनही कावळे हाकलून राहिली आहे.


२० ऑक्टो., शनि.

ट्रान्सफॉर्मर मेला नाही. तार फक्त टोकाशी खाल्ली होती. बाहेरचा एक वेढा उलगडला, आतून ताजं तांबं निघालं, लालसर. तेवढं पुरलं.

मग टाके. कैया फार तापवायचा नाही, राळ जळते. आधी राळ, मग शिसं, मग फुंकर नाही, थांबायचं. एका टाक्याला पाव तास. धूर कमी आणि वास गोड, देवळात असतो तसा. खाचेच्या बाजूनं खडा वापरला नाही. दुसऱ्या अंगानं वापरला. दुपार पूर्ण गेली. जाऊ दे.

बटण दाबलं. भुंगा गुणगुणला. माईकवर बोट टेकवलं, भोंगा दुकानातच होता, काका जागेवर उडाले. "मेल्या!"


२८ ऑक्टो., रवि. सौंसर

हार झाले, भाषणं झाली. तीच शाळा, तोच निंब. मी माईकपाशी गेलो तेव्हा लोकांना वाटलं, नेहमीसारखं "हॅलो, एक दोन तीन" करन.

मी पाठ केलं होतं. सारं विसरलो. म्हणालो, "गणपतीत डबा बंद पडला तो माझ्या हातानं. मी नवसागराचे टाके मारले. नाझरसाहेबांच्या घरचं पाणी निर्दोष आहे. मी न पाहता बोललो. तेव्हा भोंगा बंद होता, म्हणून मागच्या लोकांना ऐकू आलं नसन. आता आलं असन."

लोक हसले. पण ते हसणं वेगळं होतं. मागून तोच गणपतीतला आवाज, "आलं बे, पार रामाकोना गावापर्यंत गेलं!" मी वळून नाझरसाहेबांकडे नाही पाहिलं. हिंमत नव्हती.

मग क. ने वाजवलं. माईकचा खांब ढिला नव्हता, घट्ट होता. तरी मी धरून बसलो. पूर्ण वाजवलं, पहिल्या सुरापासून शेवटापर्यंत, एकदाही खर्र नाही. मी सूर ऐकलाच नाही खरं तर. टाकेच ऐकून राहिलो होतो. एकेक. शेवटच्या सुराला तिनं गज उचलला आणि माझ्याकडे पाहून फक्त ओठांनी म्हणाली, "बारा."


३१ ऑक्टो., बुध. सौंसर

गेले.

बसच्या टपावर पेट्या, दोर पक्का बांधलेला. (खरंच चांगला बांधतात.) मी दिलरुबा वर चढवू दिला नाही. आत, तिच्या मांडीवर दिला. खोळीवरून तिचं बोट माझ्या बोटाला लागलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "जपून जा तू." तू! आजपर्यंत तुम्ही होतं. तिनं काही न ऐकल्यासारखं केलं आणि कानापर्यंत लाल झाली.

नाझरसाहेबांनी मला बाजूला बोलावलं. चाकाजवळ.

"राळेचा टाका किती दिवस टिकतो?"

"जन्मभर टिकते जी."

"जन्मभराचं कोणी सांगू नये. नवसागराचाही तुम्हाला जन्मभराचाच वाटला होता." मग, बसकडे पाहत, "आमच्या घरी राळेचा एक खडा आहे. होता. आता अर्धाच आहे. मुलगी म्हणते, हातून पडून फुटला. पडून फुटलेली कड वेगळी असते. ही सुरीनं कापलेली आहे. मी पंचवीस वर्षं नाझर आहे."

मी चाकाचे नट मोजू लागलो.

"अर्धी राळ, अर्धं कॉलेज. अर्ध्याचा मला फार कंटाळा आहे, मधुकरराव."

मधुकरराव. मी मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी आहे का.

"पुढच्या पंधरा ऑगस्टपर्यंत टाके टिकले तर मला पत्र टाका. माझ्या नावानं. त्यात आणखी काय लिहायचं, ते तोवर तुम्हाला सुचेल." खिशातून घडी काढून दिली. पंचनामा. त्याच्यामागं यवतमाळचा पत्ता, त्यांच्या अक्षरात.

बस नागपूरच्या रस्त्याला लागली. मावशी पदर तोंडाला लावून उभी. म्हणाली, "आता माहे कार्ड कोण लिहीन?" मी म्हणालो, मी. ती म्हणाली, "तुह्यं अक्षर तं किड्यामकोड्याचं."


१ नोव्हें., गुरु. पां.

आजपासून दुसऱ्या राज्यात. तेच दुकान, तोच निंब, कल्हईवाला तिथंच. दिवाळी तोंडावर. काकांनी विचारलं, "आतापावतर राजधानी नागपूर होती, माल आणाले जात जाओ. हे भोपाळ कोण्या वाटेनं येते बे?" मला माहीत नव्हतं. यवतमाळची वाट मात्र पाठ आहे. पांढुर्णा, नागपूर, वर्धा, मग मोटार. अंतर तेवढंच आहे, कालही तेवढंच होतं. पण मधे आता राज्याची शीव.


४ नोव्हें., रवि. पां.

कॉलेजला कार्ड लिहायला घेतलं, पुन्हा नाव घालता येईल का विचारायला. "माननीय प्राचार्य" इथपर्यंत आलो. गॅल्व्हानोमीटरचं लिहायचं की नाही? तो मी तोडला नव्हता. पण स्टूल मोडलं होतं. कार्ड टेबलावर आहे, राळेच्या खड्याखाली, उडू नये म्हणून.

डब्याचं झाकण उघडून टाके पाहिले. परवा पाहिले, काल पाहिले, आजही. पांढरे. बाराही.

काका पंप मारता मारता ओरडले, "रोज रोज उघडून पायशील तं पाह्यल्यानंच तुटन बे ते! झाक!"

झाकला. उद्या नाही उघडणार.

परवा.